पट्टा देणाऱ्याचं देणं

26 एप्रिल 1948 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या एका जमीनदाराने आपल्या पत्नीच्या नावे एक कागद करून दिला. 26,000 रुपयांच्या मोबदल्यात तिने जमीनदारीतल्या ठरावीक जंगलांत शिरावं आणि बांबू, सरपण, साग तोडून न्यावा, असा तो हक्क होता. काही झाडांना हात लावायचा नाही, एवढी बंधनं होती. मुदत 26 डिसेंबर 1960 पर्यंतची. कागद स्वतःला भाडेपट्टा म्हणवत होता, पण त्याची नोंदणी केलेली नव्हती.

या पट्ट्याची मुदत संपेपर्यंत जंगलाचा मालक तीनदा बदलला. 1951 मध्ये जमीनदार गेला आणि मध्य प्रदेश सरकार आलं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचा झाला. झाडं जागची हलली नाहीत. पट्टा देणाऱ्याने शब्द दिलेला होता. पण त्याच्या जागी जो येईल त्याच्यावर त्या शब्दाचं ओझं पडतं का, हा प्रश्न मात्र थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भंडाऱ्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, हाच प्रश्न पुढे साठ वर्षं वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला. कधी तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराने विचारला, कधी कागद कारखान्यावरून निघाला, आणि शेवटी जंगलात राहणाऱ्या गावाने विचारला.

जमीनदार, मालगुजार आणि वाजिब-उल-अर्ज

नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं आणि चांदा कंपनीच्या ताब्यात गेला. वैनगंगेच्या पूर्वेचा डोंगराळ, जंगली मुलूख तेव्हा मुख्यतः गोंड जमीनदारांकडे होता. अहेरीची जमीनदारी सगळ्यांत मोठी. शिवाय खुटगाव, रांगी, कोरची, मुरुमगाव, पळसगड अशा लहानमोठ्या अनेक. या जमीनदाऱ्या राज्यकर्त्यांच्या मर्जीवर कशा देता-घेता येत, ते 1858 मध्ये दिसलं. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यात फासावर गेले. उठाववाल्यांची जप्त झालेली अडपल्ली आणि घोटची जमीनदारी अहेरीच्या लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. गावं आणि त्यांच्याभोवतीचं रान एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. तिथल्या रयतेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या दशकात जमाबंदी झाली. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल 1869 चा आहे. या जमाबंदीने सपाटीवरच्या गावांत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, मालकी हक्क दिले आणि पूर्वेकडे जमीनदारांचे हक्क कायम केले. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलाच्या मालकीच्या तीन तऱ्हा पक्क्या झाल्या: सरकारी राखीव जंगल, जमीनदारी जंगल आणि मालगुजारी जंगल. आलापल्लीसारखं सागाचं उत्तम रान सरकारने आपल्याकडे घेतलं. बाकीच्या रानात कोणाला काय नेता येतं हे गावागावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रिवाजांच्या नोंदीत, लिहिलं गेलं. घर बांधायला बांबू, जाळायला सरपण, नांगराला लाकूड, कुंपणाला काटेरी झुडपं, गुरांना चराई, मोहफुलं, चारोळी. या वहिवाटीला सगळे निस्तार म्हणत आणि अजूनही म्हणतात.

म्हणजे जमीनदार मालक असला तरी मोकळा नव्हता. एका बाजूने त्याची रयत उभी होती, आणि तिचा निस्तार सरकारी दप्तरात लिहिलेला होता. दुसऱ्या बाजूने ठेकेदार उभा होता. विसाव्या शतकात विडीचा धंदा भंडारा-गोंदियाकडे फोफावला, रेल्वे आली, आणि ज्या पानाला पूर्वी फारशी किंमत नव्हती त्या तेंदूच्या पानासाठी ठेकेदार आगाऊ रकमा मोजू लागले. बांबू, साग, लाख, हिरडा यांचे ठेके होतेच. चार-पाच हंगामांचे, कधी दहा-बारा वर्षांचे करार होत. जमीनदाराला रोख पैसा लागे आणि ठेकेदाराला पानाची खात्री हवी असे.

अशा करारात देणाऱ्यावर काय बंधन येतं, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने सांगितलं होतं. कलम 108 पट्टा देणाऱ्याची कर्तव्यं मोजून देतं. मालमत्तेत न दिसणारा दोष असेल तर तो आधी सांगायचा, मागताच ताबा द्यायचा, आणि घेणारा भाडं भरतो आहे, अटी पाळतो आहे तोवर त्याला निर्वेधपणे उपभोग घेऊ द्यायचा. कलम 109 त्याच्या पुढे जातं. देणाऱ्याने मालमत्ता तिसऱ्याला दिली तर नव्या मालकाला भाडं घेण्याचा हक्क मिळतो, आणि भाडेकरूने तसं ठरवलं तर जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही नव्याकडे जातात. केवळ मालमत्ता विकून टाकली म्हणून जुना मालक आपल्या देण्यातून सुटत नाही. घर भाड्याने देणारा असो, शेत देणारा असो की जंगल देणारा, मूळ विचार एकच: उत्पन्न ज्याच्या हाती, देणंही त्याच्या माथी.

31 मार्च 1951

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाने, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती, जमीनदारी आणि मालगुजारी संपवणारा कायदा 1950 साली केला. 31 मार्च 1951 रोजी जमीनदारांचे आणि मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. कायद्याचं कलम 3 स्पष्ट होतं: मालमत्ता सरकारकडे येईल ती सर्व बोजांतून मुक्त होऊन.

कायदा येणार हे आधीच दिसत होतं, त्यामुळे मधल्या काळात ज्यांना जमलं त्यांनी जंगलाचे लांब मुदतीचे ठेके देऊन रोकड उभी केली. काहींनी घरातल्याच माणसांच्या नावे पट्टे केले. सरकारलाही हा डाव कळत होता. म्हणून 16 मार्च 1950 नंतर केलेली हस्तांतरणं कायद्याने रद्द ठरवली. पण त्याआधीच्या करारांचं काय? विडी कारखानदारांचे पैसे जमीनदारांकडे गेलेले होते, पानांचा हंगाम तोंडावर होता आणि जंगलाच्या सीमेवर आता सरकारी रखवालदार उभा होता.

पहिला मोठा निकाल ठेकेदारांच्या बाजूने लागला. छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तेंदूपत्ता तोडून नेण्याचे हे करार म्हणजे जमिनीतला हक्क नव्हे, मालाच्या खरेदीचा करार आहे. जमीनदारी कायद्याचा वरवंटा त्यांच्यावरून फिरत नाही. ठेकेदारांनी सुटकेचा श्वास सोडला. तो फार काळ टिकला नाही.

भंडाऱ्याच्या त्या पट्ट्याचा खटला 'शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य' या नावाने न्यायालयात आला. मधल्या काळात जंगल मध्य प्रदेशाकडून मुंबई राज्याकडे गेलं होतं, म्हणून प्रतिवादी मुंबई. अर्जदार बाईंचं म्हणणं असं की पैसे मोजून घेतलेला हक्क सरकारने हिरावला. हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. 24 मार्च 1958 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अर्ज फेटाळला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी दोन बाजूंनी दार लावलं. हा हक्क स्थावर मालमत्तेतला असेल तर त्याला नोंदणी लागते, आणि कागद नोंदलेला नाही. आणि हा नुसता करार असेल, तर करार राबवून घेण्याची जागा दिवाणी न्यायालय आहे. मूलभूत हक्कांचा अर्ज नव्हे.

याच प्रकरणात न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. बोस नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. या रानांशी जोडलेला वकिली मुलूख त्यांना परका नव्हता. उभं झाड केव्हा झाड असतं आणि केव्हा उभं लाकूड, असा प्रश्न त्यांनी घेतला. तोडायच्याच बेताला आलेलं, लवकर कापून न्यायचं ठरलेलं झाड कायद्याच्या नजरेत लाकूड आहे, जंगम वस्तू आहे. पण बारा वर्षं ज्या रानात जाऊन तोड करायची, तिथली झाडं त्या काळात मातीतून रस घेत वाढणार, नवी उगवणार. तो हक्क मातीतला हक्क आहे. बांबूच्या बाबतीत हे तर उघडच होतं. बेटातले जुने वासे कापले की पावसाळ्यात नवे कोंब येतात. बारा वर्षांत त्याच बेटातून कितीदा कापणी होणार!

पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, 'महादेव विरुद्ध मुंबई राज्य' या निकालाने तेंदूपत्त्याचाही मार्ग बंद केला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला, तेही नागपूरच्याच उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, यांनी लिहिलं की अनेक हंगामांसाठी रानात शिरणं, झुडपांची छाटणी करून नवी पालवी आणणं, कोठ्या बांधणं या हक्कांना केवळ पानाची खरेदी म्हणता येणार नाही. हा जमिनीतला हितसंबंध आहे, आणि तो जमीनदारीबरोबर सरकारजमा झाला.

ठेकेदार हरले याचं फारसं दुःख करण्याचं कारण नाही. त्यांतले अनेक करार जमीनदारी वाचवण्याच्या पळवाटाच होत्या. पण या निकालांचा जो गाभा होता तो पुढे जड गेला. नव्या मालकाने, म्हणजे राज्याने, जंगल घेतलं ते बोजांतून मुक्त होऊन. कलम 109 मधली, भाड्याबरोबर देणंही पुढे नेणारी साखळी इथे तुटली. ठेकेदाराचा बोजा गेला, आणि निस्ताराच्या बोजाचं काय झालं? कागदावर तो राहिला. 1954 च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेत आणि पुढे महाराष्ट्राच्या 1966 च्या संहितेच्या कलम 161 मध्ये निस्तार पत्रक आलं. वाजिब-उल-अर्जचीही तरतूद राहिली. मात्र दप्तरातला हक्क आणि कूपावर, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्यावर, उभं राहून मागता येणारा हक्क यांच्यातलं अंतर वाढत गेलं. पूर्वी रयतेचं भांडण जमीनदाराशी असे आणि त्यात सरकार पंच असे. आता पंचच मालक झाला होता.

सरकार पट्टा देतं तेव्हा

सरकार जेव्हा पट्टा देणारं असतं, तेव्हा त्याला सामान्य मालकाची बंधनं सरसकट लागत नसत. 1895 च्या गव्हर्न्मेंट ग्रँट्स कायद्याने सरकारी अनुदानं आणि जमिनीतल्या हितसंबंधांची सरकारी हस्तांतरणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कक्षेतून बाहेर काढली होती. करारात जे लिहिलं तेच बंधन. आणि करारात काय लिहायचं हे देणारा आणि घेणारा ठरवणार. तिसरा पक्ष, म्हणजे ज्यांचं गाव त्या रानात होतं ते लोक, मेजावर नव्हतेच.

मेजाच्या पलीकडे होती बल्लारपूरची गिरणी. लाला करमचंद थापर यांच्या समूहाने 1945 मध्ये बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी काढली; 1975 मध्ये तिचं नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं. जागा अचूक निवडलेली होती. शेजारी वर्धा नदीचं पाणी, जवळ कोळसा, दिल्ली-मद्रास रेल्वेचं बल्लारशा जंक्शन, आणि पूर्वेला मैलोन्‌मैल मानवेल बांबूचं रान. कागदाचा लगदा करायला लांब धाग्याचा बांबू तेव्हा सगळ्यांत सोयीचा कच्चा माल होता. राज्य सरकारने गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू दिला. गिरणीला स्वस्तात कच्चा माल, सरकारला स्वामित्वधन, जिल्ह्याला रोजगार, असा हिशेब मांडला गेला. तो पूर्ण खोटाही नव्हता. हजारो आदिवासींना कटाईच्या हंगामात मजुरी मिळाली.

बांबूची कटाई ही बेफिकीरपणे करायची गोष्ट नाही. बेटाच्या मध्यभागी यंदाचे कोवळे कोंब असतात, त्यांना हात लावायचा नसतो. काही जुने वासे आधारासाठी ठेवायचे. कापायचं ते जमिनीलगत खरडून नाही, पेर सोडून. एकाच कूपात दरवर्षी जायचं नाही, मध्ये काही वर्षांची विश्रांती द्यायची. वनखात्याच्या कार्य आयोजनेत हे सगळं लिहिलेलं असे. पण मजुरी बंडलावर मिळते तेव्हा मजूर बेटाच्या बाहेरचे, सोपे वासे आधी कापतो, आणि आत गुंता वाढत जातो. मुकादमाला डेपोवर माल हवा असतो. गिरणीला ठरलेलं टनेज हवं असतं. बेट बिघडलं तर त्याचा जाब कोणाला विचारायचा? वनखातं म्हणणार, कापलं गिरणीने. गिरणी म्हणणार, रान सरकारचं आणि देखरेखही सरकारची.

कायद्याला हे कोडं इतर ठिकाणी चांगलं सुटलेलं आहे. भाडेपट्ट्याने किंवा हप्त्याने घेतलेल्या ट्रॅक्टरचा अपघात झाला तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 2(30) मालक कोण ते सांगून टाकतं: कागदोपत्री वाहन वित्त कंपनीचं असलं तरी ज्याच्या ताब्यात ते आहे तो मालक. वित्त कंपनी हप्ते घेते, पण अपघाताचं देणं ताबेदाराकडे जातं, कारण गाडी कशी चालवायची ते त्याच्या हातात असतं. हा नियम पट्टा देणाऱ्याला सोडतो, तरी कोणालातरी धरतोच. बांबूच्या रानात मात्र उत्पन्न सरकारचं, ताबा हंगामापुरता गिरणीचा, आणि नुकसान गावाचं अशी वाटणी झाली. देणं कोणाच्याही नावावर चढलं नाही.

कागद गिरण्यांना आपल्या हक्काचं कायदेशीर रूप चांगलं कळत होतं. ओडिशात टिटागढ पेपर मिल्सने बांबू आणि लाकडाच्या करारांवर लागलेल्या खरेदीकराविरुद्ध दाद मागितली. 1985 मध्ये न्यायमूर्ती मदन यांनी निकाल दिला की गिरणीला मिळालेला हक्क मालाची खरेदी नसून जमिनीतून मिळणारा लाभ आहे; त्यामुळे मालावरचा कर त्याला लागत नाही. शांताबाईंच्या खटल्यातलंच सूत्र वेगळ्या बाजूने उपयोगाला आलं होतं. बारा वर्षांचा पट्टा घेणाऱ्या बाईंना जमिनीतला हक्क म्हणून कागद नोंदवायला हवा होता आणि त्या हरल्या. गिरणी जमिनीतला हक्क म्हणून कर वाचवून जिंकली. जंगल ही जमीन आहे, नुसतं लाकडाचं गोदाम नाही, हे दोन्हीकडे मान्य झालं. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांचाही हक्क जमिनीतलाच असणार, हा पुढचा टप्पा अजून बाकी होता.

मेंढा

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगल. दोनच वर्षांत इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालशाम शाह त्यात होते. धरणं झाली नाहीत, पण गावागावांत एक सवय रुजली: आपल्या रानाबद्दल आपणच बोलायचं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव त्यात पुढे होतं. गावात देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते होते आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल अभ्यासक म्हणून गावाशी जोडले गेले होते. गावाची पद्धत अशी की निर्णय सर्वानुमते व्हायचा, आणि ग्रामसभेआधी अभ्यासगटात माहिती खोदून काढायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावाने घोटुल, म्हणजे गोंड तरुण मुलामुलींचं गावघर, पुन्हा बांधायचं ठरवलं आणि रानातला साग आणला. वनखात्याच्या लोकांनी घोटुल मोडून टाकलं. त्यावर आजूबाजूच्या गावांनीही घोटुल उभारायला घेतलं. निस्ताराचा हक्क म्हणजे परवानगीची भीक नव्हे, हे त्यातून बोललं गेलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा मेंढ्याची ओळख झाली.

अभ्यासगटात निस्ताराची जुनी नोंद बाहेर आली आणि तिच्याच बळावर गावाने गिरणीच्या कटाईकडे पाहिलं. गावाचं म्हणणं सरळ होतं. ज्या रानात आमचा निस्तार लिहिलेला आहे ते रान आम्हाला न विचारता पट्ट्याने कसं देता? नव्वदच्या दशकात मेंढ्याने आपल्या रानातली गिरणीची कटाई बंद पाडली. पट्टा देणाऱ्याने आधीच्या हक्कदाराची माहिती घेणाऱ्याला द्यायची असते, घेणाऱ्यानेही चौकशी करायची असते. कलम 108 च्या जुन्या तत्त्वाला धरून असलेली ही साधी गोष्ट एका गावाने आपल्या भाषेत सरकारला ऐकवली होती.

कायदा गावाच्या मागून आला. 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला देण्याची भाषा करत होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने ती ठोस केली: कलम 3(1)(ग) खाली गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क, कलम 3(1)(झ) खाली सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण आणि व्यवस्थापन. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू नावाने लिहिला गेला. 2009 मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्काचे पट्टे मिळाले. देशातल्या अगदी पहिल्या अशा पट्ट्यांत त्यांची गणना होते. मेंढ्याचं क्षेत्र सुमारे 1,810 हेक्टर.

पट्टा हातात आला, पण बांबू गावाबाहेर जाईना. वाहतूक परवाना वनखात्याकडे होता आणि खातं 1927 च्या वन कायद्याकडे बोट दाखवत होतं, ज्यात 2017 पर्यंत झाडाच्या व्याख्येत बांबूही येत असे. एकाच राज्यात दोन कायदे एकाच वाशाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहत होते. 21 मार्च 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानायला सांगितलं. 27 एप्रिल 2011 रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. पुढच्या हंगामात मेंढ्याने बांबू विकून एक कोटीहून अधिक रुपये मिळवले. सप्टेंबर 2012 मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

विकणारा बदलला

त्यानंतरची गोष्ट विजयोत्सवाइतकी सरळ नाही. ग्रामसभा आता विकणारी झाली, म्हणजे देणं तिच्याही अंगावर आलं. निविदा काढायची, माल मोजून द्यायचा, ठरलेल्या तारखेला कूप मोकळा करायचा, पॅन क्रमांक, बँक खातं, कराचे कागद. व्यापाऱ्याला खराब माल मिळाला तर तो ग्रामसभेलाच विचारणार. आणि व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर गावातल्या मजुराची मजुरी अडकणार. 2014 च्या महाराष्ट्र पेसा नियमांनंतर गडचिरोलीत कोरची, कुरखेड्यापासून अनेक तालुक्यांतल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. काही हंगाम चांगले गेले, काहींत ठेकेदारांकडे बाकी अडकली. फडावर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, 70 पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईला तो पैसा आपल्याच ग्रामसभेकडून येणं होतं, सरकारकडून नव्हे. ग्रामसभांनी यातून आगाऊ रक्कम, बँक हमी, हप्त्याहप्त्याने उचल अशा अटी करारात घालायला शिकून घेतलं.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1,006 हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेचं वागणं या सगळ्या इतिहासात वेगळं उठून दिसतं. पाचगाव बांबू विकतं, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. नवी पालवी यावी म्हणून झुडपं छाटली, आगी लावल्या तर रानाचं नुकसान होतं, असं गावाचं म्हणणं. रानाचा काही भाग देवासाठी राखला. ज्या पानासाठी 1950 च्या दशकात विडी कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या, ते पान या गावाने हातचं सोडलं. असा निर्णय जमीनदाराने घेतला नसता, कारण त्याला रोकड हवी होती. सरकारनेही घेतला नसता. 1969 च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार राज्याकडे घेतल्यानंतर लिलावाची रक्कम हे त्याचं उत्पन्न होतं. हे दोघेही त्या रानात राहत नव्हते.

जमीनदार, मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र आणि गिरणी यांच्यातल्या करारांचा हा प्रवास पाहिला की एक गोष्ट वारंवार दिसते. जंगलाचं उत्पन्न घेणारा हात दर पिढीला बदलला, आणि दर वेळी नव्या हाताने जुनं देणं नाकारण्याची सोय करून घेतली. 'सर्व बोजांतून मुक्त' हे शब्द ठेकेदारासाठी लिहिले गेले होते, भोगावे लागले ते निस्तारवाल्यांना. वनहक्क कायद्याने नवा मालक निर्माण केला असं म्हणणंही अर्धंच खरं आहे. त्याने विकणारा आणि परिणाम सोसणारा एकाच गावात आणून ठेवले. बेट बिघडलं, आग लागली, व्यापारी पळाला, तर जाब विचारायला आणि जाब द्यायला तेच लोक ग्रामसभेत समोरासमोर बसतात.

यापुढचे वाद याच चौकटीत येतील. ज्या गावांना सामूहिक हक्काचे पट्टे मिळाले, त्यांच्या हद्दीत सरकार उद्या दुसऱ्या कोणाला काही भाडेपट्ट्याने देऊ पाहील, तेव्हा 1951 प्रमाणे बोजांतून मुक्त जंगल त्याच्या हाती नसेल. आता गावाचा हक्क हाच त्या जंगलावरचा नोंदलेला बोजा आहे. पट्टा देणाऱ्या सरकारला तो घेणाऱ्याला आधी सांगावा लागेल, आणि सांगितला नाही तर त्याचं देणं या वेळी सरकारच्याच नावावर चढेल.